महागड्या टेबलावर वेळ आणि नेमकेपणा मागून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. बाहेरगावचे वकील आणि पक्षकार यांची शहरात ये-जा वाढली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत खरेदीदार, ऑडिटर, मशिनरीवाले पूर्वीपासून येतातच. या सगळ्यांना दुपारी तासाभरात नीट बसून, कामाचे बोलून, जेवून उठायचे असते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल आणि लोअर परळ भागात याच गरजेतून ‘ब्रासरी आणि बार’ (ब्रासरी म्हणजे फ्रेंच धाटणीचे, बिअरसोबत जेवण देणारे उपाहारगृह) या धर्तीची उंची ठिकाणे रुजली. कामानिमित्त तिकडे जाणारे कोल्हापूरकर आता ताराबाई पार्क, न्यू शाहूपुरीतही तशा जागा व्हाव्यात असे बोलतात. व्हाव्यातच. पण बोलणे चालते ते झुंबर, सोफे आणि फोटो यांचे. अशा ठिकाणी माणूस जे जादा पैसे मोजतो ते वेळेचे आणि नेमकेपणाचे असतात, आणि या दोन्ही गोष्टी गिऱ्हाईकाने मागून घ्यायच्या असतात. त्या कशा मागायच्या, यासाठी हे पत्र.

ब्रासरीचे मूळ फ्रान्सच्या अल्सेस प्रांतातल्या बिअर बनवणाऱ्यांकडे जाते. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात अल्सेस जर्मनीकडे गेला, तिथली पुष्कळ माणसे पॅरिसला आली आणि बिअरसोबत पोटभर जेवण देणारी ही पद्धत तिथे फोफावली. पॅरिसमधली बोफँजे १८६४ ची, लिप १८८० ची. दोन्ही आजही चालू आहेत. या पद्धतीचे कुळाचार ठरलेले आहेत. स्वयंपाकघर सकाळपासून रात्रीपर्यंत बंद होत नाही. मेनू छोटा असतो आणि रोज तोच असतो, फक्त वारानुसार एक ‘आजचा पदार्थ’ बदलतो. एकट्याने येऊन बारच्या कट्ट्यावर सूप-पाव खाल्ला तरी कोणी वाकड्या नजरेने बघत नाही.

आपल्याकडे पहिली अडचण येते ती छोट्या मेनूची. दोनशे-अडीचशे पदार्थांच्या मेनूची आपल्याला सवय आहे. ते शक्य होते, कारण लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळी तयार असतात आणि ऑर्डर आली की पनीर, काजू किंवा चिकन त्यांत पडते. मटणाचे ताट दहा मिनिटांत समोर येते तेही रस्सा आधीच चुलीवर असतो म्हणून. ब्रासरीतला मासा, स्टेक, ऑम्लेट यांना ही सोय नाही. ते ऑर्डरनंतरच तव्यावर चढतात. त्यामुळे पंचवीस-तीस पदार्थांवर थांबलेला मेनू दिसला तर बरे समजावे. स्टेक, सुशी, पिझ्झा, मंचुरियन आणि बिर्याणी एकाच कार्डावर असतील तर त्यातले बरेचसे फ्रीझरमधून येणार, हे धरून चालावे.

आता वेळ. कामाचे जेवण बहुतेक वेळा इथेच फसते. एक वाजता बसलेल्या चौघांना दोनला उठायचे असेल, तर एक वाजून दहा मिनिटांनी ऑर्डर आत गेलेली हवी, वीस-पंचवीसपर्यंत पहिला पदार्थ, पावणेदोनच्या आत मुख्य पदार्थ, आणि कॉफी येईल तेव्हाच बिलही. हे जुळण्यासाठी बसल्या बसल्या कॅप्टनला (ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वाढप्याला) स्पष्ट सांगावे, ‘दोनला उठायचंय.’ हे वाक्य केओटीवर (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) लिहिले गेले की स्वयंपाकघर त्या टेबलाचा क्रम तसा लावते. दीड वाजता सांगून उपयोग नसतो, कारण तोवर पुढच्या टेबलांच्या केओट्या रांगेत लागलेल्या असतात.

फोन करून टेबल राखताना किती माणसे, किती शाकाहारी, कोणी जैन आहे का आणि किती वाजता उठायचे, एवढे सांगितले तरी निम्मे काम होते. येणार नसाल तर तसेही कळवावे. सहा जणांचे टेबल रिकामे राहिले तर त्या दुपारचे सहा जणांचे साहित्य काढून ठेवलेले असते आणि मासा दुसऱ्या दिवशी तोच राहत नाही.

ऑर्डर कशी द्यायची यालाही महत्त्व आहे. स्वयंपाकघरात सॅलड-सँडविचचा थंड विभाग, ग्रिल, तवा आणि ओव्हन असे वेगवेगळे विभाग असतात आणि दुपारी प्रत्येकावर एक, फार तर दोन माणसे. सहा जणांनी सहाही पदार्थ ग्रिलवरचे मागवले तर एका माणसाला सहा वेगवेगळ्या वेळा सांभाळाव्या लागतात. सगळी ताटे एकदम बाहेर पडायची म्हणून पहिले तयार झालेले ताट पासवर (स्वयंपाकघरातून ताटे बाहेर देण्याच्या कट्ट्यावर) दिव्याखाली वाळत थांबते. दोन ग्रिलचे, दोन तव्यावरचे, एक ओव्हनमधला, एक थंड अशी वाटणी झाली तर तेच टेबल दहा मिनिटे लवकर सुटते. माशाच्या तुकड्याला आठ-दहा मिनिटे लागतात, मिडियम रेअर (आत गुलाबी राहिलेल्या) स्टेकला मुरण्याच्या वेळेसह पंधरा, वेलडनला (आतपर्यंत पूर्ण शिजलेल्या) वीस-पंचवीस. रिसोटोला (इटालियन पद्धतीच्या मऊ भाताला) अठरा-वीस मिनिटे लागतात. तो सात मिनिटांत आला तर भात आधी सत्तर टक्के शिजवून पसरून ठेवलेला होता असे समजावे. ही सर्वमान्य पद्धत आहे, त्यात फसवणूक नाही. घाई असेल तर सेट लंच घ्यावे. दोन किंवा तीन पदार्थ, ठरलेली किंमत, आणि त्या पदार्थांची पूर्वतयारी सर्वांत पक्की असते. पुष्कळ जण सेट लंच कमीपणाचे समजून टाळतात; खरे तर शेफने त्या दिवशी बाजारात जे चांगले मिळाले तेच त्यात घातलेले असते.

टेबल निवडताना स्वयंपाकघराचे झुलते दार, बिलिंगचे मशीन आणि स्पीकर यांच्यापासून लांबचे मागावे. चार ते सहा जणांच्या बोलण्याला गोल टेबल बरे. लांब टेबलावर टोकाची माणसे संभाषणातून सुटतात. पाहुण्याला पाठ भिंतीकडे करून बसवावे म्हणजे सारखी ये-जा त्याच्या पाठीमागून होत नाही.

पदार्थांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नेमकेपणा इथे तपासता येतो.

फ्रेंच कांद्याचे सूप बघा. कांदा मंद आचेवर पाऊण ते एक तास परतावा लागतो. एक किलो कांद्याचा पाव किलोच्या आसपास गर उरतो. पाणी आटते, मग कांद्यातली साखर हळूहळू तपकिरी होते आणि गोडी खोल उतरते. वेळ वाचवायला आच मोठी केली की कडा जळतात आणि मध्य कच्चा राहतो. मग तो दोष झाकायला साखर आणि रंग पडतो. अशा सुपात कांद्याचे पातळ काप आखूड, कडक आणि कडवट लागतात, आणि रस्सा गोड असूनही पाणचट असतो. खायचा सोडा घालून परतला असेल तर कांद्याचा लगदा होतो. हे एकच सूप मागवून स्वयंपाकघराची शिस्त बऱ्यापैकी कळते.

मासा आपल्याकडे रत्नागिरी-मालवणहून घाट चढून येतो. पहाटेची गाडी असेल तर दुपारी चांगला सुरमई किंवा पापलेट मिळायला हरकत नाही. साधारण १८० ग्रॅमचा कातडीसह तुकडा आधी टिपून पूर्ण कोरडा करावा, कातडीची बाजू खाली ठेवून तीन-चार मिनिटे, मग उलटून दीड-दोन मिनिटे. कातडी तव्याला चिकटून फाटलेली असेल तर तुकडा ओला होता किंवा तवा पुरेसा तापलेला नव्हता. तव्यातले लोणी बदामी रंगाचे व्हावे, काळे नाही. १ जूनपासून पावसाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात कार्डावर ‘ताजा सागरी मासा’ असेल तर तो कुठून आला हे विचारावे. गोठवलेला मासा वाईट नसतो, पण तसे लिहिलेले असले पाहिजे.

मटणाच्या बाबतीत कोल्हापूरकराला कोणी शिकवायला नको. तरी एक फरक सांगतो. ‘रॅक ऑफ लॅम्ब’ (बरगड्यांचा अखंड तुकडा) म्हणून जे येते ते बहुधा परदेशातून गोठवून आलेले मेंढीचे असते. आपले मटण बकऱ्याचे, त्याचे तंतू घट्ट आणि चरबी कमी. त्यामुळे ते ग्रिलवर चामट होते आणि मंद भट्टीत उत्तम होते. नळी १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये झाकून अडीच-तीन तास ठेवली की मांस हाडापासून सुटते आणि रस्सा बोटाला चिकटतो. कोल्हापुरातल्या ब्रासरीचा खास पदार्थ हाच व्हावा असे मनापासून वाटते: गावातल्याच खाटकाकडचे ताजे मटण, फ्रेंच पद्धतीने मंद शिजवलेले, सोबत आजरा घनसाळचा साधा भात. तांबडा रस्सा मात्र काचेच्या छोट्या पेल्यांत घालून ‘शॉट’ म्हणून देऊ नये. त्याची तर्री, वाफ आणि परत परत वाढून घेण्याची मुभा यांतच त्याची चव आहे. दोन घोटांत ती हाती लागत नाही.

स्टेकविषयी मेनू फारच मोघम असतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे टेंडरलॉइन (पाठीकडचे मऊ मांस) म्हणून मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे. ज्यांना हे चालत नाही त्यांना आधी कळायला हवे, ज्यांना चालते त्यांनाही. आतले तापमान ५४ ते ५७ अंश म्हणजे मिडियम रेअर, ६० ते ६३ मिडियम, ७० च्या वर वेलडन. तव्यावरून काढल्यावर पाच मिनिटे न कापता ठेवले नाही तर सगळा रस ताटात सांडतो. ताटात लाल पाणी साचलेले दिसले की ही पाच मिनिटे गाळली गेली, हे ओळखावे.

क्रेम ब्रुलेत (साय-अंड्याच्या, वर जाळलेल्या साखरेचा थर असलेल्या फ्रेंच गोड पदार्थात) गूळ घालण्याची कल्पना इथे कुणालाही सुचेल. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि म्हशीच्या दुधाची साय तर घरचीच. पण यात दोन ठिकाणी घात होतो. गरम सायीत गूळ टाकला की ती फाटते, कारण गुळात आम्लता असते. साय कोमट होऊ द्यावी, मग गूळ विरघळवून, गाळून घालावा. दुसरे म्हणजे वरचा काचेसारखा थर गुळाचा करू नये. गुळात ओल आणि इतर घटक असल्याने तो ज्योतीखाली वितळण्याआधी करपतो. आत गूळ, वर साधी साखर, हे बरोबर जमते. मिश्रण पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजावे आणि मध्यभाग ८० अंशांच्या आसपास आला की काढावे. ८५ च्या वर गेले की अंड्याच्या गाठी होतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळे लिहिणे गरजेचे आहे, कारण कोल्हापुरात एका टेबलावर मटण खाणारे आणि कांदा-लसूणही न खाणारे शेजारी शेजारी बसतात. हिरवा ठिपका असला तरी विचारावे. कांद्याचे सूप परंपरेने मांसाच्या स्टॉकवर होते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा आणि अंडे असते. वुस्टरशायर सॉसमध्येही अँकोव्ही असते आणि तो मशरूमच्या सॉसमध्ये किंवा ब्लडी मेरीत सहज पडतो. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते. पानाकोटा आणि मूस या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेले जिलेटिन. हॉलंडेज सॉस, मेयोनेज, क्रेम ब्रुले यांत अंडे. व्हिस्की सावर या कॉकटेलवरचा पांढरा फेस बहुतेक ठिकाणी अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच मासाही तळतात का, हाही रास्त प्रश्न आहे. कॅप्टनला उत्तर येत नसेल तर त्याने आत जाऊन विचारून यावे. ‘चालेल सर, व्हेजच आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

आता बार. महाराष्ट्रात रेस्टॉरंटमध्ये मद्य देण्यासाठी एफएल-३ परवाना लागतो आणि पिणाऱ्याकडेही परमिट असावे लागते. एका दिवसाचे विदेशी मद्याचे परमिट पाच रुपयांचे. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण, इतर मद्यासाठी २५. तरुण अभियंत्यांना घेऊन कंपनीचे जेवण ठरवणाऱ्यांनी हे २५ लक्षात ठेवावे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि गणेश विसर्जनाला जिल्हाधिकाऱ्यांचा जो आदेश निघेल तो दिवस, असे मद्यविक्री बंद असणारे दिवस बघून मगच तारीख पक्की करावी.

पेग ३० आणि ६० मि.लि.चा. ७५० मि.लि.च्या बाटलीतून साडेबारा मोठे पेग निघतात. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले पेग मेजर वापरणे बंधनकारक आहे; बाटली हवेत उंचावून थेट ग्लासात ओतण्याच्या कसरतीत माप कुणालाच कळत नाही. महागडी बाटली असेल तर ‘टेबलावर आणून ओता’ असे सांगण्यात काहीही अवघड वाटून घेऊ नये. चांगले बार ते आपणहून करतात.

बर्फ हा बारचा सर्वांत दुर्लक्षित जिन्नस. कडक, कोरडा, मोठा खडा हळू वितळतो. पाण्यात निथळत पडलेला लहान बर्फ शेकरमध्ये टाकला की पेय गार होण्याआधी पातळ होते. लिंबाचे कॉकटेल बारा ते पंधरा सेकंद जोरात शेक करायचे, निव्वळ मद्याचे निग्रोनीसारखे तीस सेकंद ढवळायचे. निग्रोनीचे माप सोपे आहे: जिन, कॅम्पारी (कडवट इटालियन मद्य), गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३० मि.लि. व्हर्मुथ हा वाइनचा प्रकार असल्याने बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये हवी. शेल्फवर महिनोन् महिने उभी असेल तर पेयाला शिळी, आंबट चव येते. लिंबाचा रस त्याच दिवशीचा हवा. सकाळच्या रसाची चव संध्याकाळी फिकी पडते आणि आदल्या दिवशीचा कडवट होतो.

ड्राफ्ट बिअरच्या बाबतीत ‘फेस नको’ ही मागणी सोडून द्यावी. दोन बोटे फेस सुगंध धरून ठेवतो, आणि फेस न येऊ देता ओतलेली बिअर सगळा वायू पोटात नेते. ग्लासाच्या भिंतीला आतून बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला आहे. बिअर बदलून न मागता ग्लास बदलून मागावा. बिअरला लोण्यासारखा किंवा आंबूस वास येत असेल तर नळ्यांची सफाई चुकलेली असते. ती दर दोन आठवड्यांनी व्हायला हवी.

वाइन ग्लासाने घेतली तर १५० मि.लि., म्हणजे बाटलीत पाच ग्लास. बाटली कधी उघडली हे विचारावे. लाल किंवा पांढरी फ्रिजमध्ये बूच लावून तीन-चार दिवस टिकते, फेसाळ वाइन दुसऱ्या दिवशी उतरते. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशातला. तिचे योग्य तापमान १५ ते १८ अंश. कोल्हापुरात एप्रिलमध्ये शेल्फवरची बाटली तिशीच्या पलीकडे असते आणि मग अल्कोहोलचाच भपका येतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून आणायला सांगावे. तिखट जेवणासोबत कडक, तुरट लाल वाइन घेऊ नये. तिखटाची आग अल्कोहोलने आणि तुरटपणाने वाढते. नाशिक भागातली गार शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन, किंचित गोडसर, मसाल्याशी फार छान जुळते. नाहीतर हलकी लागर बिअर.

गाडीचा विषय टाळून चालणार नाही, कारण आपल्याकडची माणसे जेवून इचलकरंजी, जयसिंगपूर, कागलकडे निघतात. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ६० मि.लि.मध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मि.लि.च्या बाटलीत ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे दोन मोठे पेग. ‘बिअरच घेतली’ म्हणणाऱ्याने हा हिशेब पाहावा. यकृत ताशी सात-आठ ग्रॅमच पचवते. हा वेग कॉफीने वा लिंबूपाण्याने वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ. आहे, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोन मोठ्या पेगनंतर सत्तर किलोचा माणूस या मर्यादेखाली यायला साधारण तीन-चार तास लागतात. ड्रायव्हर आधी ठरवावा आणि त्याच्या जेवणाचीही सोय करावी.

बिल. जेवण आणि मद्य यांचे कर वेगळे असतात, म्हणून दोन्ही वेगळे दाखवलेले हवेत. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी, त्यात अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. खोलीचे दर ७,५०० रुपयांवर जाणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. परमिट रूममध्ये त्यावर महाराष्ट्राचा व्हॅट लागतो, तो १ नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के झाला. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवण ४,००० आणि मद्य २,५०० रुपयांचे असेल तर जीएसटी २००, व्हॅट २५०, एकूण ६,९५०. मद्याच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर तिथेच थांबवावे. सोडा, टॉनिक, मॉकटेल मात्र जीएसटीतच येतात.

उद्योजकांसाठी एक गोष्ट. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घालून घेण्याची धडपड बहुतेकदा वाया जाते, कारण खाण्यापिण्यावरचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने सर्वसाधारणपणे अडवलेले आहे. खर्चाची नोंद म्हणून बिल जपावे, क्रेडिट मिळेल म्हणून नाही.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या उचलून धरल्या. बिलात आपोआप सेवा शुल्क घालता येत नाही. वरच्या उदाहरणात दहा टक्के धरले तर ६५० रुपये होतात, त्यावरचा कर आणखी वेगळा. नको असेल तर काढून मागावे, नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवा आवडली तर वाढणाऱ्याच्या हातात रोख बक्षीस द्यावे. पाण्याच्या बाटलीबद्दल मात्र वाद घालू नये. बसून पिण्याच्या ठिकाणी छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. साधे गाळलेले पाणी मागावे, ते द्यावेच लागते.

जे व्यावसायिक अशी जागा काढू पाहत आहेत त्यांना दोन विनंत्या. आवाजाचा विचार बांधकामाच्या वेळीच करा. काच, ग्रॅनाइट आणि उंच उघडे छत असले की प्रत्येक शब्द परत फिरतो, माणसे मोठ्याने बोलतात, मग संगीतही मोठे होते. छताला ध्वनी शोषणारे पॅनेल, जाड पडदे, भिंतीला कापडी पाठ यांचा खर्च एका झुंबरापेक्षा कमी येतो आणि त्यामुळे दुपारचे गिऱ्हाईक परत येते.

दुसरी, दुपारी तीन ते सात स्वयंपाकघर बंद ठेवू नका. न्यायालयाचे काम लांबलेला वकील किंवा चार वाजता कारखान्यातून सुटलेला खरेदीदार यांना त्या वेळी शहरात मिसळ किंवा वडा याशिवाय बसून खाण्यासारखे फारसे मिळत नाही. त्यासाठी पूर्ण मेनू लागत नाही. एक सूप, एक ऑम्लेट, एक सँडविच, एक सॅलड आणि मंद शिजत असलेली नळी एवढे दोन माणसे सांभाळू शकतात. नळी तर तशीही रात्रीसाठी दुपारीच ओव्हनमध्ये गेलेली असते.

कळावे,
हॉटेल व्यवसायातील एक वाचक,
ताराबाई पार्क, कोल्हापूर